बसलेला घसा

आता जे लिहिणार आहे ते मी बहिणीला कधी सांगितले नाही. कचेरीतली सारी वर्षे जिच्यासोबत डबा खाल्ला त्या मैत्रिणीलाही नाही. देवापुढेसुद्धा ते शब्दांत मांडले नाही — त्याला सारे ठाऊकच असते, मग बोलायचे कशाला, अशी एक सोयीची समजूत मी करून घेतली होती. तुम्हाला सांगते आहे, ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. समोर बसून ऐकणारा माणूस मधेच मान वर करून बघतो, आणि तसे कुणी बघितले की माझे वाक्य तिथेच तुटते. लहानपणापासून तुटत आले आहे. कागद तसा बघत नाही.

पण सुरुवात कुठून करू? घशापासून करू? की आफरीनपासून? की परवा शहागंजातल्या चष्म्याच्या दुकानात जे झाले तिथपासून?

तेव्हापासून मला घरात एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि विसरते. पुस्तक उघडते, आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहते. नळाला पाणी येण्याचा दिवस आमच्या शहरात कुणी विसरत नाही — माणसे लग्नाची तारीख ठरवतानाही तो दिवस टाळतात — तोही मी विसरले. टाकी कोरडी राहिली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, तब्येत बरी आहे ना?" तब्येत उत्तम आहे. माझा चष्मा तयार झाला आहे, तो घेऊन जा, एवढाच निरोप आला आहे. त्यात अस्वस्थ होण्यासारखे काय आहे?

थांबा. असे नाही कळणार. क्रमाने सांगते.

मी उशिरा सुरुवात केलेली बाई आहे, जवळजवळ प्रत्येक बाबतीत. संस्कृत घेऊन एम.ए. केले, पण नोकरी लागली ती एका सरकारी कचेरीत, आणि तिथे कागद चालायचे इंग्रजीत. तेव्हा मी तिशी ओलांडली होती. लाज वाटून घेण्याचे वय निघून जाते म्हणतात. माझे गेले नव्हते. कुणाला विचारायची सोय नाही, म्हणून मी व्याकरणाची पुस्तके आणली, शब्दकोश आणला, आणि पाणिनी जसा शिकले तसेच इंग्रजी शिकले — नियम, अपवाद, अपवादाचे अपवाद. काही वर्षांत साहेब माझा मसुदा एक अक्षरही न बदलता पुढे पाठवू लागले. क्रियापदाचा कोणता काळ कुठे चुकतो, दोन जवळच्या शब्दांतला कोणता कुठे शोभतो, हे मला नक्की कळू लागले. मात्र ही सारी भाषा मी डोळ्यांनी शिकले होते. कानांनी नाही, तोंडाने तर नाहीच नाही. सबंध नोकरीत इंग्रजीचे एक वाक्य मी मोठ्याने वाचले नाही. वाचायची वेळ आली की कागद दुसऱ्याच्या हाती देत असे, आणि लोक त्याला माझा नम्रपणा म्हणत असत.

कॉलेजात असताना एकदा वर्गात उभे करून मला इंग्रजीचा एक परिच्छेद वाचायला लावला होता. त्यानंतर काय झाले ते सांगत नाही. सांगितले तर ती सबब होईल, आणि या लिखाणात सबब नको आहे.

निवृत्त झाल्यावर मी पैठण गेटजवळच्या या इमारतीत राहायला आले. माझ्या खालच्या घरात रहीमभाई राहतात. शहागंजात त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे — वडिलांपासूनचे. त्यांची बायको नसीम देवगाव रंगारीची. तिचे मराठी अजून तिथलेच आहे, आणि रागावली की मात्र ती दखनी उर्दूत शिरते. त्यांची थोरली मुलगी आफरीन तेव्हा आठवीत होती, मराठी माध्यमाच्या शाळेत. धाकटी इकरा तेव्हा जिन्यात सगळ्यांच्या पायात पायात यायची.

पडेगावच्या पुढे माळावर मुलींची एक निवासी शाळा आहे. नाव लिहीत नाही. नववीपासून मुली घेतात, अगदी मोजक्या; राहणे, जेवण, शिक्षण, सारे शाळेकडून, आणि सारे इंग्रजीतून. तिथे निवड झालेल्या मुली पुढे कुठे कुठे पोचल्या याच्या गोष्टी आमच्याकडे घराघरांत सांगितल्या जातात. आधी लेखी परीक्षा: इंग्रजीचे व्याकरण, शब्दसंग्रह, आणि उतारे वाचून उत्तरे. त्यात ज्या मुली पास होतील त्यांची तोंडी. नववीनंतर तिथे कुणाला घेत नाहीत. म्हणजे आफरीनला संधी एकच होती.

नसीम वर आली ती पदराआड ताट घेऊन. "मॅडम, तुम्ही इंग्लिशच्या लई मोठ्या जाणकार हायत असं खाली समदे म्हणतेत. पोरीला घ्या ना जरा हाताखाली." मी नाही म्हणायला हवे होते का? मला शिकवता येत होते. आजही वाटते, व्याकरण माझ्याइतके नेटके त्या मुलीला कुणी शिकवले नसते. म्हणून हो म्हणाले. कुणीतरी मला जाणकार म्हटले होते — हेही एक कारण होतेच.

पहिल्याच संध्याकाळी तिने उताऱ्याचे पान उघडले, माझ्यापुढे सरकवले आणि हात जोडल्यासारखी ताठ बसली. म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही वाचा. आमचे सर आधी वाचतात, मग आम्ही मागनं म्हणतो."

आपल्याकडे वाचन शिकवायची हीच रीत आहे. गुरुजी म्हणणार, मुले मागून म्हणणार. पाढे असेच, श्लोक असेच, इंग्रजीही असेच. यात त्या मुलीचे काय चुकले? ती माझ्या तोंडाकडे बघत बसली — आणि माझा हात आपोआप गळ्याकडे गेला.

"घसा बसलाय जरा," मी म्हणाले. "आज तूच वाच. मनातल्या मनात."

बस्स, एवढेच. एवढे खोटे कोण बोलत नाही? दोन दिवसांत बरा होणारा घसा होता तो.

दुसऱ्या दिवशी नसीमने जोशांदा पाठवला. युनानी काढा — ज्येष्ठमध, उन्नाब आणि आणखी काय काय. वाटीवर वाटी झाकून आफरीन तो जिना चढून आणायची, आणि मी तो पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. "अम्मी म्हणली, सांडायचा नाही, गरमच पाजायचा." मी पीत असे. कडू नसतो तो. मला मात्र कडू लागे. रहीमभाई जिन्यात भेटले की हसत, "क्या मॅडम! नाम वैद्य, और गला बारा महिने बीमार?" माझे आडनाव वैद्य. मीही हसत असे, आवाज बेताचा ठेवून.

कारण एव्हाना घशाची गोष्ट वाढली होती. बोलता येते, पण ताण द्यायचा नाही. मोठ्याने वाचायला तर डॉक्टरांनी बंदीच केली आहे — असे मी सांगून टाकले होते. डॉक्टर कुठले? मी कुणाकडे गेलेच नव्हते. आणि मग त्या खोट्याला एक शहाणपणही चिकटले. मी म्हणू लागले: परीक्षेत वाचायचे असते ते डोळ्यांनी; तोंडाने वाचणारे मूल शब्द मोजते, डोळ्यांनी वाचणारे अर्थ धरते. ऐकायला किती पटणारे आहे! पालकांना ते पटले. इमारतीतल्या बायका एकमेकींना सांगू लागल्या, "वैद्य मॅडमची पद्धतच वेगळी. मौनात शिकवतात." माझी भीती ही माझी पद्धत झाली. मी तिचा थोडा अभिमानही बाळगू लागले, हेही लिहून ठेवते.

आणि आफरीन — तिच्याविषयी काय सांगू? अवघड शब्द आला की ती एक डोळा तळहाताने झाकून त्या शब्दाकडे बघायची. बापाच्या दुकानात वाढलेली पोर. अक्षर दिसत नसेल तर डोळा झाकून बघायचे असते, हे तिच्या अंगात मुरले होते. मला हसू येई. पण मग हात खाली घेऊन ती नेमका अर्थ सांगायची, आजूबाजूच्या वाक्यांवरून ताडलेला, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असे. शब्द वाक्यात वापर म्हटले की वाक्ये दुकानातली यायची. 'नाखूश' अशा अर्थाच्या एका शब्दावर तिने लिहिले होते की नंबर वाढला हे मान्य करायला गिऱ्हाईक नेहमी नाखूश असते. आणि खाली मराठीत, कंसात — 'भांडते पण.' काळांची गल्लत तिने एका आठवड्यात सोडवली. मी टाकलेल्या गाळलेल्या जागा ती भरायची आणि विचारायची, "मॅडम, इथं दुसरा शब्द पण बसतोय की. मग तुमचाच का?" असे विचारणारा विद्यार्थी मिळणे म्हणजे काय, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. मी संध्याकाळची वाट बघत असे. एकटीने राहणाऱ्या माणसाच्या दारावर रोज ठरलेल्या वेळी टकटक होणे — असो.

ती एकच प्रश्न असा विचारायची की मला पळ काढावासा वाटे. "मॅडम, हा शब्द म्हणायचा कसा?"

"उच्चार नंतर. आधी अर्थ."

एकदा फारच मागे लागली, म्हणून तिच्या वहीत मी देवनागरीत लिहून दिले. अंदाजाने. लिहिताना मला माहीत होते की हा अंदाज आहे. तिने तो उच्चार पाठ केला.

तुम्ही म्हणाल, हातात फोन नव्हता का? होता. शब्द टाकला की त्यातली बाई स्वच्छ उच्चार करून दाखवते. दार लावून मी ते ऐकत असे, मागून म्हणूनही बघत असे, आणि आपलाच आवाज कानावर पडला की फोन उलटा ठेवत असे. तो फोन त्या मुलीपुढे ठेवायला काय हरकत होती? 'मला येत नाही, आपण दोघी हिच्याकडून शिकू' — एवढे एक वाक्य. मराठीतले. त्याला ना उच्चार लागत होता ना घसा.

ते वाक्य मी म्हटले नाही. का नाही म्हटले, हे मला अजून सांगता येत नाही. सांगता आले तर बहुधा ते खोटेच असेल.

लेखीचा निकाल लागला, आणि आफरीन पास झाली. नुसती पास झाली नाही, वरच्या मुलींत आली. रहीमभाईंनी इमारतीत नानखटाई वाटली. नसीम माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला मधेच धरले. मग तिने विचारले, "तोंडीचं कसं करावं मॅडम? तुमच्या घशाचं तर असं." मी आफरीनला म्हणाले, "घरी मोठ्याने वाचायचा सराव कर. आवाज खणखणीत ठेव."

इथे थोडे थांबते. कारण आता जे येते ते मी स्वतःशीही झटकून टाकत आले आहे.

माझ्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टवर, इमारतीच्या मधल्या पोकळीवर, उघडतात. खालची फोडणी मला वर कळते. त्या दिवसांत संध्याकाळी आफरीन ओट्याशी उभी राहून आईला वाचून दाखवायची — खणखणीत, मी सांगितले होते तसे. मी वर कणीक मळत असायचे. आणि डक्टमधून एकेक शब्द वर यायचा, आणि प्रत्येक शब्द जसा लिहिला आहे तसा, अक्षराला अक्षर लावून उच्चारलेला. जी अक्षरे मुकी असतात तीही ती मोठ्याने बोलवत होती. त्यांतले किती उच्चार चूक आहेत हे फोनमधल्या बाईमुळे मला तोवर कळत होते. नसीम मधेच म्हणायची, "वा गं माझी मैना!" आणि ती आणखी जोरात वाचायची.

खाली जायला एक जिना होता. मी खिडकी लावून घेतली.

तोंडीच्या दिवशी रहीमभाईंना दुकान सोडता येईना आणि नसीम म्हणाली, "मला तिथं कोन काय विचारलं तर? तुम्हीच चला." रिक्षाने आम्ही दोघी गेलो. शाळेच्या लांब ओवरीत बाके टाकली होती. आफरीनचे नाव पुकारले तेव्हा तिने ओढणी नीट केली, माझ्याकडे बघून मान हलवली आणि आत गेली. खोलीच्या खिडकीला लोखंडी जाळी होती. मी त्या जाळीलगतच्या बाकावर होते. आतले दिसत होते आणि ऐकूही येत होते.

एक वयस्क सर आणि एक बाई. बाईंनी पुस्तक तिच्या हाती दिले. उतारा समुद्रातल्या एका बेटावरचा होता. ती वाचू लागली.

बाईंना हसू फुटले. दुष्टपणाचे नव्हते ते, माणसाला एकदम येते तसे. त्यांनी ते लगेच आवरले. सर म्हणाले, "सावकाश, बेटा. पुन्हा वाच." तिने पुन्हा वाचले — त्याच उच्चारांत, अधिक सावकाश, अधिक खणखणीत. तिला वाटले असणार की ऐकू नीट गेले नाही. त्यांनी एकमेकांकडे बघितले. मग सर उठून दाराशी आले.

"हिच्यासोबत कोण आलं आहे?"

मी उभी राहिले.

"तुम्ही शिकवता का हिला? अहो, लेखीत या मुलीने उताऱ्यांची सगळी उत्तरं बरोबर लिहिली आहेत. आणि वाचते ती ही अशी. आम्हाला काही जुळेना. म्हणजे — ते उतारे तिचे तिला समजले होते का, की... तुम्हीच सांगा."

किती सरळ प्रश्न होता. मराठीत विचारलेला. त्यातला 'की...' कुठे जातो हे मला कळत होते: मुलीने कुणाचे तरी बघून लिहिले असावे. आणि उत्तर किती सोपे होते! 'सर, मी हिला डोळ्यांनी वाचायला शिकवले. मला स्वतःला उच्चार येत नाहीत. दोष माझा आहे. तुम्ही तिला अर्थ विचारा.' सर भला माणूस होता. त्याने विचारलाही असता. म्हणूनच तर तो बाहेर आला होता.

मी गळ्यावर हात ठेवला आणि मान हलवली.

दुखऱ्या माणसाचा चेहरा मला तोवर सवयीने करता येत होता. सर गोंधळले. तेवढ्यात त्यांच्या मागून आफरीन आली — पुस्तक अजून तिच्या हातातच होते — आणि माझ्या मदतीला धावून म्हणाली, "सर, मॅडमचा घसा बसलेला असतो. त्यांना बोलायला लावू नका. लई त्रास होतो त्यांना."

"बरं बरं," सर म्हणाले. "राहू द्या." आणि पुढच्या मुलीचे नाव पुकारले.

रिक्षात ती खूश होती. "दोनदा वाचायला लावलं मॅडम, म्हणजे आवडलं असंल ना?" मी बाहेर बघत होते. मकबरा दिसतो त्या रस्त्याने; त्याच्याकडेच बघत होते असे समजा.

तिचे नाव लागले नाही.

आता माझ्या खोटेपणाचा शेवट झाला असे तुम्हाला वाटले असेल. मलाही तसे वाटायला हवे होते. पण निकालाच्या संध्याकाळी रहीमभाई वर आले. बसले नाहीत. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले. "मॅडम, आप तो वहाँ थे. हुआ क्या? लेखीत एवढं चांगलं करून... आम्हाला काही समजंना. पोरगी म्हणते, मी चांगलं वाचलं."

त्यांना खरे कारण हवे होते. तक्रार करायला नाही — बाप होते, त्यांना आपल्या मुलीचे काय चुकले ते जाणून घ्यायचे होते.

मी म्हणाले, "घाबरली ती."

दोन शब्द. आवाज न चिरकता. "आत गेल्यावर घाबरली. मुलांचं होतं असं."

त्यांनी मान डोलावली. शिकलेल्या बाईचे बोलणे. त्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. जिना उतरताना त्यांनी हाक मारली, "नसीम, पोरीला बोलू नको. डर गई थी बेचारी." आणि मग डक्टमधून आफरीनचा आवाज आला, "नाय अब्बा! मी नाय घाबरले!" आणि नसीमचा, समजुतीचा, "अगं, मॅडमनी सोता पाह्यलंय. त्या काय खोटं बोलतील व्हय?"



मी शिकवणे थांबवले. कारण कुणी विचारले नाही, घसा होताच. त्या घरातून जोशांदा मात्र हिवाळ्यात येतच राहिला. आणि हळूहळू तो शब्द त्या घरात रुळला. कुणी दारात आले की आफरीन आत पळाली, तर 'डरपोक आहे आमची'. शाळेच्या संमेलनात तिने नाव दिले नाही, तर 'तिला जमत नाही बाई तसलं'. लाडानेच म्हणत. मी जिन्यात ऐकत असे. जी मुलगी मला 'तुमचाच शब्द का?' असे विचारत होती ती कुणालाच काही विचारेनाशी झाली. हे अचानक झाले नाही. वर्षे गेली त्यात. म्हणून मला ते दिसले नाही — असे लिहिणार होते. खोडते. दिसत होते.

आफरीन आता मोठी आहे. डोळे तपासण्याचा अभ्यासक्रम तिने इथेच पुरा केला, आणि दुकानात मागच्या बाजूला तिची छोटी खोली आहे. माझा जुना चष्मा निकामी झाला म्हणून परवा गेले. रहीमभाई गल्ल्यावरून ओरडले, "आवो, वैद्य मॅडम! मरीज आया के हकीम आया?" आफरीनने मला उंच खुर्चीवर बसवले, एक डोळा झाकला, आणि समोरच्या तक्त्यावरची इंग्रजी अक्षरे मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली. अक्षरेच होती ती, सुटी सुटी. त्यांत चुकण्यासारखे काही नव्हते. शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले.

"मॅडम!" ती एकदम म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळला होता. "तुमचा घसा किती मोकळा झाला! अम्मीला सांगते. जोशांदा कामाला आला म्हणावं."

मग कागदावर नंबर लिहिता लिहिता ती म्हणाली, "इकरा आता आठवीत आहे. त्याच परीक्षेला बसते म्हणते. तुमच्याकडं पाठवू का? घसा बरा आहे तर."

मी काही बोलायच्या आत तिने पेन खाली ठेवले. "फक्त तिला माझ्यासारखी घाबरट होऊ देऊ नका. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातनं मला बोलावलं होतं मॅडम, मागच्या वर्षी. मुलाखतीला. मी गेलेच नाही. म्हटलं, तिथं पण तोंडीसारखं व्हायचं." आणि हसली. "गंमत सांगू? मला ते घाबरल्याचं आठवतच नाही. लई आठवून बघते. मला आपलं आठवतं की मी जोरात वाचत होते, आणि सर चांगले होते. पण तुम्ही तर बाहेरून बघत होता ना. तुम्हाला दिसलं म्हणजे असंल तसंच."

तिला खरे आठवत होते. सगळे. आणि माझ्या दोन शब्दांसाठी तिने आपली आठवण खोटी ठरवून टाकली होती.

मी काय म्हणाले असेन? "हं," म्हणाले. चष्म्याची फ्रेम निवडली. काळी नको, तपकिरी दे, म्हणाले.

काल तिचा फोन येऊन गेला — चष्मा तयार आहे. आज पुन्हा आला. "येते," मी म्हणाले, अगदी स्वच्छ आवाजात. मग घरात या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत फिरत राहिले. जुन्याच चष्म्याने हे लिहिते आहे. ओळी वरखाली होत आहेत. इकरा सोमवारपासून येणार आहे. संध्याकाळी डक्टमधून तिचा आवाज येतो, काहीतरी पाठ करत असते.

आफरीन त्या दिवशी घाबरलेली नव्हती. दोन्ही पाय तिने जमिनीवर नीट टेकवले होते. पुस्तक दोन्ही हातांनी धरले होते. एका अवघड शब्दाशी तिने एक हात सोडवून डोळ्यावर ठेवला, तो शब्द बघितला, हात खाली घेतला, आणि सर उठेपर्यंत ती वाचत राहिली. हे मी जाळीतून पाहिले आहे. बाहेरून पाहणारी मी एकटीच होते.